बिअर झोपली आहे

शेवटी कॉब्ज हार्बर गावात वेंडेल श्टाउडर एकटाच उरला. गाव गेलं, गावाचं नाव गेलं, पोस्ट गेलं, बायकोही गेली. बायको गेली ती घरासकट.

पण हे एवढ्यात सांगायचं नव्हतं. तेव्हा वरचं तुम्ही वाचलंच नाही असं समजा. काहीही झालेलं नाही. गाव जागच्या जागी आहे, धुराड्यांतून धूर निघतोय, न्हाव्याच्या दुकानासमोर दोन कुत्री एका हाडावरून भांडताहेत, फेब्रुवारी महिना आहे आणि श्टाउडरच्या तळघरात बिअर झोपली आहे.

हार्बर म्हणजे बंदर. आमच्या बंदरापासून समुद्र कुठल्याही दिशेला सातशे मैल तरी लांब होता. नदीसुद्धा नऊ मैल दक्षिणेला. पण गाव वसवणारा म्हातारा कॉब आशावादी होता. तो पहिल्याच हिवाळ्यात गोठून मेला आणि नाव मागे राहिलं.

मी टोबायस प्रुइट. माझा धंदा घरं हलवायचा. आमच्या नेब्रास्कात गवत आहे आणि वारा आहे, झाड नाही. लाकडाची एकेक फळी दुरून गाडीवर लादून यायची, म्हणून माणूस बायकोपेक्षा फळ्यांना जास्त जपायचा. जागा फुकट आणि फळ्या महाग. त्यामुळे कुणाचं शेजाऱ्याशी पटेना झालं, की तो घर विकायचा नाही. मला बोलवायचा. मी घराखाली जॅक लावून ते उचलायचो, खाली तुळया सारायचो, पुढे सहा बैलजोड्या जुंपायचो आणि संध्याकाळपर्यंत घर दुसरीकडे. माणसं सामानसुमान काढायचीसुद्धा नाहीत. एकदा तर एक म्हातारी आत झोपलेली राहिली. सकाळी उठून दाराबाहेर आली तर समोर वेगळीच टेकडी. तिने मला काही विचारलं नाही, सुनेलाच शिव्या दिल्या.

माझ्या पुढच्या जोडीतल्या बैलाचं नाव सेनेटर. तो कारण नसताना थांबायचा आणि लोक काही देतात का बघायचा.

तर अशा गावात वेंडेल श्टाउडर नावाचा एक जर्मन आला आणि त्याने पहिलं काम काय केलं असेल? जमिनीत खड्डा खणला. सगळे बघायला गेले.

"डची, कोण मेलं रे?" न्हावी लायमन टिब्सने विचारलं. जर्मन माणसाला डच म्हणायची आमच्याकडे रीत होती. श्टाउडर ती रोज दुरुस्त करायचा आणि ती रोज तशीच राहायची.

"कोणी नाही. तळघर आहे."

"घराच्या आधी?"

"घर काय, कधीही होतं," श्टाउडर म्हणाला.

दोन उन्हाळे माझ्या बापाने त्याच्यासाठी दगड ओढून आणला. त्यात बापाची कंबर गेली. श्टाउडरने खाली कमानी बांधल्या, भिंती हातभर जाड केल्या, हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ करवतीने कापून आत रचला, वर पेंढा पसरला. मग त्या तळघराच्या डोक्यावर एक लाकडी घर बसवलं, टोपी घालावी तसं. कोणी विचारलं, "किती वर्षं टिकेल हे?" तर तो भिंतीवर थाप मारून म्हणायचा, "तीनशे." आमच्याकडे सर्वांत जुनी वस्तू म्हणजे व्हिटेकरची आई. लोक हसून घरी गेले.

पण त्याची बिअर प्यायला लागल्यावर कोणी हसेना. हिवाळ्यात तो जव शिजवायचा, बिअर करायचा, पिंपात भरून तळघरात नेऊन निजवायचा. निजवायचा हा त्याचाच शब्द. आणि मग ईस्टरनंतर सातव्या रविवारी त्यांचा फिंग्स्टन नावाचा सण येतो, त्या दिवसापर्यंत पिंपाला हात लावायचा नाही म्हणजे नाही. त्या दिवशी तो गवतावर बाकं मांडायचा, बायको ओटिली बटाट्याची कोशिंबीर करायची आणि सगळं गाव, पाद्र्यासकट, आडवं व्हायचं. ती बिअर नाताळापर्यंत पुरायची. नाताळापासून फिंग्स्टनपर्यंत गाव व्हिस्की प्यायचं आणि एकमेकांवर गोळ्या झाडायचं. फारशा लागायच्या नाहीत.

जवाचा उरलेला चोथा तो माझ्या बैलांना घालायचा. गरमागरम, बादलीने. त्यामुळे झालं असं, की माझे बैल त्याच्या दारावरून पुढे जाईनात. दार आलं की सेनेटर उभा. मागे काय जुंपलंय, चर्च की दवाखाना, त्याचं त्याला काही नाही. आधी चोथा.

हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल. श्टाउडरच्या कामाला मात्र नाही.

*

फेब्रुवारीत रेल्वेचा माणूस आला. थॅडियस पेल त्याचं नाव. उंच, सुकलेला, कायम सर्दी झालेला. रेल्वेची रेघ कुठून न्यायची हे ठरवणारा माणूस म्हणजे आमच्याकडे देवाच्या खालोखाल. रेघ गावातून गेली तर गाव जगणार. बाजूने गेली तर गावाने गाशा गुंडाळायचा. याला तिसरा पर्याय नसतो.

पोस्टमास्तर एलम व्हिटेकरच्या दुकानात पंगत बसली. व्हिटेकर हा पोस्टमास्तर, दुकानदार आणि निम्म्या गावाचा मेहुणा. त्याने डुक्कर भाजलं होतं. पेलने ते मुकाट्याने खाल्लं, नाक पुसलं आणि म्हणाला, "इथे कोणी जर्मन फार चांगली बिअर करतो म्हणे?"

"करतो ना! हा काय!" व्हिटेकरने श्टाउडरला खांद्याला धरून पुढे ढकललं. "वेंडेल, साहेबांना एक ग्लास."

"नाही," श्टाउडर म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"झोपली आहे."

"कोण?" पेलने विचारलं.

"बिअर."

लायमन न्हाव्याने टोपी काढून छातीशी धरली, कोणी गेल्यासारखी.

"मग उठव की तिला!" व्हिटेकर दात खात म्हणाला. हसू मात्र तसंच ठेवून.

"एलम, तुझी बायको सहाव्या महिन्यात होती तेव्हा पाहुणे आले, तर तू म्हणालास का तिला, जरा बाळ दाखव बरं म्हणून?"

"ही बिअर आहे रे डची!"

"डच नाही. जर्मन. आणि फिंग्स्टनच्या आधी मी माझ्या बापालाही दिली नसती. दिली असती तर त्यानेच मला झोडपलं असतं." मग तो पेलकडे वळला आणि अगदी आदराने म्हणाला, "साहेब, फिंग्स्टनला या. पहिला ग्लास तुमचा."

पेलने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "बरं," म्हणाला. टोपी घातली, शिंकला आणि गेला.

पंधरवड्याने बातमी आली. रेघ दक्षिणेने जाणार, नदीकाठाने. नऊ मैलांवर.

त्या दिवशी श्टाउडर पोस्टात शिरला तेव्हा आत सात-आठ जण होते. मग व्हिटेकर टपालाची पिशवी खाली ठेवून म्हणाला, "एका ग्लासासाठी. एका ग्लासासाठी गाव घालवलंस, वेंडेल."

डची म्हणाला नाही. त्यावरून श्टाउडरला कळलं, की प्रकरण गंभीर आहे.

"रेघ काय ग्लासाने आखतात का?" तो म्हणाला.

"मग कशाने आखतात?" लायमनने विचारलं.

याचं उत्तर कोणालाच माहीत नव्हतं, श्टाउडरलाही नाही. म्हणून ग्लासच ठरला.

*

मार्चमध्ये जमीन अजून दगडासारखी गोठलेली होती. घरं ओढायला उत्तम. माझी चंगळ झाली. सकाळ-संध्याकाळ माझ्या दारात रांग. "टोबी, आधी माझं." "टोबी, त्याच्या आधी माझं, त्याच्या शेजारी मला जागा नको." मी पहिलं लायमनचं दुकान उचललं. आत तो व्हिटेकरची दाढी करत होता. मी थांबू का विचारलं, तर म्हणाला, "तू तुझं काम कर, मी माझं करतो." व्हिटेकरचा डावा गाल जुन्या गावात झाला आणि उजवा नव्यात. मध्ये एक ओढा होता. तिथली खूण त्याच्या हनुवटीवर अजून आहे.

गुत्ता हलवला तो चालू ठेवून. दुकान बंद केलं तर गिऱ्हाईक तुटतं, असं मालकाचं म्हणणं. माणसं चालत्या गुत्त्यात शिरत, एक-दोन घोट घेत आणि बाहेर पडत तेव्हा घराचा रस्ता सापडत नसे. एक जण तीन दिवस सापडला नाही. सापडला तेव्हा त्याचं घरही हललेलं होतं, त्यामुळे त्याला परत घर शोधत जावं लागलं.

सगळी घरं जायला एकच रस्ता होता आणि तो श्टाउडरच्या दारावरून जात होता. आता बैलांचं लक्षात आलं ना?

पहिल्याच दिवशी लायमनचं दुकान त्याच्या दारापुढे येऊन ठप्प झालं. सेनेटर उभा. मी हाका मारल्या, शिट्ट्या मारल्या, चाबूक हवेत वाजवला. सेनेटर दाराकडे बघत उभा. दुकानातून व्हिटेकर अर्ध्या फेसासकट ओरडला, "मार ना त्याला!"

श्टाउडर दारात आला. त्याला काही करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. चोथा दिला नाही की बैल हलणार नव्हते, बैल हलले नाहीत की गाव हलणार नव्हतं. माझ्या डोक्यात हे आलं, त्याच्याही आलं असणार. कारण तो हात मागे बांधून उभा राहिला आणि त्याच्या तोंडावर महिन्याभरात पहिल्यांदा जरा रंग आला.

दुपार झाली. मग दुकानातून व्हिटेकरचा मोठा मुलगा उतरला आणि त्याने माझ्या हातातला चाबूक हिसकून घेतला. त्याने तो हवेत वाजवला नाही. तिसऱ्या फटक्याला सेनेटरच्या पाठीवर रक्त आलं. मी त्या पोराला धरलं, त्याने मला ढकललं. सेनेटर हलला नाही. नुसता श्टाउडरकडे बघत राहिला, की बाबा, आज उशीर का?

श्टाउडर आत गेला. बादली घेऊन आला. बैलांना चोथा हुंगवला आणि बादली हातात धरून, उलटा चालत चालत, त्यांना आपल्या दारावरून पुढे नेलं. गावाच्या कडेला हद्दीचा एक खुंट रोवलेला होता, तिथपर्यंत. तिथे बादली खाली ठेवली, बैलांनी खाल्लं, आणि तिथून पुढे ते सरळ गेले. कारण पुढे त्यांना कोणी कधी काही दिलेलं नव्हतं.

त्यानंतर रोज तसंच. गुत्ता, दवाखाना, चर्च, शाळा. श्टाउडर सकाळी बादली घेऊन तयार. आपलं गाव त्याने स्वतःच्या हाताने, एकेक घर करून, वेशीबाहेर पोचवलं. लोक खिडकीतून टोप्या हलवायचे. काही जण "धन्यवाद, डची!" म्हणायचे.

"डच नाही," तो म्हणायचा आणि उलटा चालायचा.

पोस्टाच्या दिवशी मात्र तो आधी व्हिटेकरच्या खिडकीपाशी गेला. "एलम, पोस्ट राहू दे. नुसतं पोस्ट. एक खिडकी असली तरी चालेल, मी उभी करतो. पोस्ट असलं की गाव असतं."

"पोस्ट माझ्या स्वयंपाकघरात आहे, वेंडेल. ते ठेवून मी जेवू कुठे?"

"मग नाव तरी ठेवा. नव्या गावाला दुसरं ठेवा की. तिथे नदी आहे, काहीही शोभेल."

"नावाचं मतदान झालं," व्हिटेकर म्हणाला. "तिथे नदी आहे म्हणूनच तर हार्बर शोभतं. पहिल्यांदाच शोभतंय. आता सोडू?"

"मग मी कुठे राहतो?"

व्हिटेकरने खरंच विचार केला. वाईट माणूस नव्हता तो. "कॉब्ज हार्बरपासून नऊ मैलांवर," तो म्हणाला.

*

एप्रिलअखेर चिखल झाला तेव्हा गावात दोनच घरं होती. माझं, आणि श्टाउडरचं. माझं मी शेवटी हलवणार होतो. धंद्यातला माणूस आपलं काम शेवटी करतो.

ओटिलीने मला निरोप पाठवला. गेलो तर ती पीठ मळत होती. श्टाउडर खुर्चीत बसला होता आणि खालच्या जमिनीकडे बघत होता, म्हणजे खरं तर जमिनीखालच्या तळघराकडे.

"टोबी, ये बाळ, बैस. हे घर तळघरावरून निघेल का?"

"निघेल की, काकू. टोपी काढल्यासारखं निघेल."

"ओटिली," श्टाउडर म्हणाला.

"आपण बोललो आहोत, वेंडेल."

"तू बोललीस."

"बरं, मी बोलले. आता टोबीसमोर परत बोलते, साक्षीला. माझे पाव विकत घेणारी माणसं तिकडे गेली. डॉक्टर तिकडे गेला. सगळ्या बायका तिकडे गेल्या, ज्या आवडत नव्हत्या त्यासुद्धा, आणि आता मला त्यांचीही आठवण येते. काल मी वाऱ्याशी भांडले. तोंडाने. मोठ्याने. तू तिकडे दुसरं तळघर खण."

"तिकडे कमरेएवढं खणलं की पाणी लागतं. बघून आलो मी."

"मग बिअर इथे कर आणि तिकडे नेऊन विक."

"नऊ मैल? उन्हात? गाडीवर हिंदकळत?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "सांग तिला, त्या लग्नात काय झालं ते."

मी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये मी एक पिंप एका शेतावरच्या लग्नाला नेलं होतं. पोचेपर्यंत आतला माल इतका चिडला, की तोटी ठोकताच ती उडून नवऱ्या मुलाच्या कपाळावर बसली. उरलेल्या बिअरला ओल्या घोंगडीची चव होती. लग्न तरी झालं. नवरा शुद्धीवर आल्यावर.

"बघ," श्टाउडर म्हणाला.

"आणि तिकडे रोज रेल्वेने पूर्वेकडची बिअर येते," मी आणखी भर घातली. "बर्फाच्या डब्यातून. रेघ तिथवर पोचल्यापासून." हे कोणी विचारलं नव्हतं.

ओटिलीने पीठ झाकून ठेवलं. "वेंडेल, तू म्हणालास अमेरिकेला जाऊ, मी तुझ्यामागे समुद्र ओलांडला. सहा आठवडे ओकत. आता मी नऊ मैल चालले आहे, पायाखाली जमीन आहे, ओकायचंही कारण नाही. तू माझ्यामागे ये."

"फिंग्स्टनपर्यंत थांब. नुसतं तेवढं. ती झोपली आहे, ओटिली. तिला सोडून कसा येऊ?"

"मी जागी आहे," ओटिली म्हणाली.

श्टाउडर परत खालच्या जमिनीकडे बघायला लागला. मी उगाच बाहेर जाऊन जॅक मोजले.

दुसऱ्या दिवशी घर उचललं. चिखलामुळे या वेळी चाकं लावली होती. चूल पेटलेलीच होती, तिच्यावर कोबीचं सूप. घर तळघरावरून बाजूला झालं आणि खाली दगडी कमानीची पाठ उघडी पडली, ओली, काळी, मोठ्या कासवासारखी. पायऱ्यांच्या वर आता आभाळ होतं.

सेनेटर अर्थातच हलला नाही. दार गेलं होतं तरी दाराची जागा त्याला पाठ होती.

ओटिली खिडकीत आली. श्टाउडर खाली उभा. दोघंही बैलांकडे बघत होते. मी चाबूक काखेत धरला आणि काही केलं नाही. माझ्याने होईना. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं, की राहू दे. राहू दे इथेच उभं, गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

बऱ्याच वेळाने श्टाउडर पायऱ्या उतरून तळघरात गेला. वर आला तेव्हा हातात बादली होती.

तो उलटा चालत निघाला. त्यामुळे त्याचं तोंड पूर्ण वेळ घराकडे होतं. ओटिली खिडकीतून म्हणाली, "मागे खड्डा आहे, वेंडेल." तो डावीकडे सरकला. "आता दगड आहे." तो उजवीकडे सरकला. असं ती त्याला रस्ता सांगत होती आणि तो तिला घेऊन चालला होता. खुंटापाशी त्याने बादली ठेवली. ओटिलीने खिडकीतून एका भांड्यात सूप दिलं. ते त्याने उभ्याने प्यायलं आणि भांडं परत केलं. मग आम्ही गेलो.

मी मागे वळून पाहिलं नाही. घर मध्ये होतं, दिसलं नसतं.

*

फिंग्स्टनला मी ओटिलीला माझ्या गाडीतून घेऊन गेलो. बटाट्याची कोशिंबीर तिने मांडीवर धरली होती. तोपर्यंत माझंही घर नव्या गावात गेलं होतं.

श्टाउडरने सगळी बाकं मांडली होती. सगळी. अख्ख्या गावाची, जशी दरवर्षी मांडायचा तशी. पाद्र्याची पाठ टेकायची खुर्ची, व्हिटेकरच्या आईसाठी उशी. कमानीवर त्याने मातीची ढेपळं रचून ऊन अडवलं होतं आणि तळघराच्या तोंडाशी किलतानाचा आडोसा करून त्यात तो राहत होता. दाढी वाढली होती. न्हावी नऊ मैलांवर.

"बाकीचे मागून येताहेत?" त्याने विचारलं.

"रेल्वेवाल्यांनी आज वाजंत्री आणली आहे," मी म्हणालो. "फुकट बिअर आहे. पूर्वेची."

"अच्छा," तो म्हणाला आणि त्याने एक बाक उचलून ठेवलं. मग परत मांडलं.

त्याने पिंपाला तोटी ठोकली. आवाज आला तो कोणी आळस देऊन उठावं तसा. त्याने ग्लास उन्हात धरला. मी आयुष्यात तसा रंग फक्त एकदा पाहिला आहे, एका घोड्याच्या अंगावर, आणि तो घोडा माझा नव्हता. पण त्याने तो ग्लास कोणालाच दिला नाही. बाकावर एका जागेपुढे ठेवला. "हा पेलसाहेबांचा," म्हणाला. "शब्द दिलाय."

ओटिलीने माझ्याकडे पाहिलं. मी कोशिंबिरीकडे पाहिलं.

आणि फेस खाली बसायच्या आत दक्षिणेकडून एक घोडा आला. वर थॅडियस पेल. उतरला, शिंकला, म्हणाला, "फिंग्स्टनला या म्हणाला होतात. आज आहे ना?"

अख्ख्या गावातून तारीख पाळणारा हा एकच निघाला.

तो बसला, ग्लास उचलला आणि एका दमात अर्धा केला. डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. मग म्हणाला, "मी तीन राज्यांत रेघा आखल्या आहेत. अशी बिअर कुठेच नाही." त्याने रिकाम्या बाकांवरून नजर फिरवली. "इथे एखादं गाव असायला हवं होतं."

"होतं," श्टाउडर म्हणाला. "साहेब, एक विचारू? त्या दिवशी मी हा ग्लास दिला असता, तर रेघ इथून गेली असती?"

"छे! रेघ त्याच्या आधीच्या शरदातच आखून झाली होती. नदीकाठ सपाट आहे."

"मग फेब्रुवारीत तुम्ही आलात कशाला?"

"बिअर प्यायला," पेल म्हणाला.

श्टाउडरने पेलच्या ग्लासाकडे पाहिलं.

"म्हणजे दिली असती तरी गाव गेलंच असतं?"

"गेलंच असतं. पण नाही दिलीत ते बरं केलंत. तेव्हा कच्ची असणार."

"कच्चीच होती," श्टाउडर म्हणाला आणि त्याने पहिल्यांदा स्वतःसाठी ग्लास भरला.

ओटिली पुढे सरकली. "झालं तर मग. तुझी चूक नव्हती. फिंग्स्टनही झाला. आता चल. चूल पेटती ठेवून आले आहे."

"आणि ही?" त्याने तळघराकडे हात केला. "ही आता जागी झाली, ओटिली. जागी झाली आणि घरात कोणी नाही." मग अगदी हळू म्हणाला, "तू रहा ना."

"कुठे राहू? पिंपात?" तिने विचारलं. पण विचारताना तिने त्याच्या दाढीत अडकलेली काडी काढली.

श्टाउडर पेलकडे वळला. "साहेब, रेघ सरकवता येते का?"

मला वाटलं पेल हसेल. तो हसला नाही. त्याने दुसरा ग्लास पुढे केला, तो भरून घेतला आणि कामकाजाच्या आवाजात म्हणाला, "तोंडी सांगून काही होत नाही. लेखी अर्ज करा. मुख्य अभियंत्याच्या नावे. विनंती स्पष्ट हवी, पर्याय दिलेले असावेत. मी स्वतः नेऊन देतो."

"ते वाचतील?"

"नाही," पेल म्हणाला. "पण मी नेऊन देतो."

श्टाउडरला इंग्रजी लिहिता येत नव्हतं, म्हणून पेन्सिल माझ्याकडे आली. तो बाकांच्या मधून येरझारा घालत सांगत गेला, पेल मध्ये मध्ये भाषा सुधारत गेला आणि शेवटच्या कलमातले तीन शब्द ओटिलीने घालायला लावले. अर्ज खालीलप्रमाणे:

"माननीय मुख्य अभियंता यांस,

अर्जदार वेंडेल श्टाउडर, धंदा बिअर, राहणार कॉब्ज हार्बरच्या मूळ जागी (गाव सध्या अन्यत्र गेलं आहे), नम्रपणे विनंती करतो की आपला लोहमार्ग नऊ मैल उत्तरेकडे सरकवून अर्जदाराच्या तळघरासमोर आणण्यात यावा. ते गैरसोयीचं असल्यास गाव पूर्ववत परत पाठवण्यात यावं. बैलांची व्यवस्था अर्जदार करेल. तेही अशक्य असल्यास आपल्या खात्याने किमान एवढा आदेश काढावा, की अर्जदाराचं स्वयंपाकघर, चुलीसह आणि पत्नी आत असल्यास तिच्यासह, तिची हरकत नसल्यास, तळघरावरील पूर्वीच्या जागी आणून ठेवण्यात यावं. काम उन्हाळा वाढण्यापूर्वी व्हावं, कारण बिअर उठली आहे."